सायकल दौऱ्याचा शेवटचा दिवस: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लांब पल्ल्याच्या गट-दौऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी फक्त शेवटच्या दिवसाची पत्रं वेगळी काढली आहेत. अंगात थकवा मुरलेला, सायकलचे भाग झिजलेले आणि मनाने सगळे घरी पोहोचलेले, असा हा दिवस. त्यामुळे चुका नेहमीच्याच होतात, पण एकाच दिवशी सगळ्या होतात.

आम्ही बारा जण आहोत. शेवटच्या दिवशी ९० किलोमीटर आहेत आणि रात्री नऊची परतीची गाडी आहे. सकाळी साडेसातला निघालं तर चालेल ना?

गणित उलटं, गाडीच्या वेळेपासून मागे करत या.

सामानासह सपाट रस्त्यावर तुमचा चालता वेग ताशी १७ किलोमीटर धरू. ९० किलोमीटरना ५ तास २० मिनिटं. दर २५ किलोमीटरला वीस मिनिटांचा थांबा धरला तर तीन थांब्यांचा एक तास. बारा माणसं दहा मिनिटांत पाणी भरून पुन्हा सायकलवर बसत नाहीत, हे तुम्हालाही आता माहीत असेल. जेवणाची ४५ मिनिटं. एकमेकांसाठी थांबणं आणि फोटो यांचा अर्धा तास. बारा सायकलींना चोवीस टायर असतात, म्हणून दोन पंक्चर धराच, त्यांची ४० मिनिटं. शेवटचे १५ किलोमीटर शहरातले असतील तर तिथे वेग १२ वर येतो, त्याची आणखी २० मिनिटं. बेरीज ८ तास ३५ मिनिटं.

सहाला निघालात तर दुपारी २.३५ ला पोहोचाल. बारा सायकली खोलून बांधायला अडीच तास, आंघोळ-खाणं एक तास, सामान घेऊन स्टेशन गाठायला दीड तास धरा. साडेसात वाजले. हातात उरला दीड तास. समोरून वारा लागून तुमचा वेग १७ वरून १३ वर आला, तर तो पूर्ण जातो. साडेसातला निघणं म्हणजे हा दीड तास अंथरुणातच खर्च करणं. सहाला चाकं फिरली पाहिजेत. सहाला उठणं वेगळं.

परतीचा प्रवास स्वतःच्या मोटारीने असेल तर एक पथ्य पाळा. दिवसभर सायकल चालवलेल्या माणसाने त्याच रात्री लांबचं ड्रायव्हिंग करू नये. पायांतला थकवा जाणवतो, डोळ्यांतली झोप जाणवत नाही. ज्याने सायकल चालवली नाही अशा माणसाकडे स्टिअरिंग द्या, नाहीतर मुक्काम करा.

गेल्या दौऱ्यात शेवटच्या २० किलोमीटरमध्ये सगळे सुटले आणि दोघांची चाकं एकमेकांना लागून पडझड झाली. या वेळी वेगावर बंधन घालायचं म्हटलं तर गटातले तरुण नाराज होतात.

होऊ द्यात नाराज.

चाकाला चाक लागतं तेव्हा पडतो तो मागचाच. पुढच्याचं मागचं चाक फारसं हलत नाही, पण मागच्याचं पुढचं चाक अडकलं की हँडल वळवून तोल सावरण्याची सोयच राहत नाही. त्यामुळे पहिला नियम असा की आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही न्यायचं नाही, थेट मागे राहायचं. पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या) लावलेल्या सायकलींमध्ये किमान एका सायकलीची लांबी, म्हणजे पावणेदोन-दोन मीटर अंतर हवं. स्पर्धेतले सायकलस्वार अर्ध्या मीटरवर चिकटतात ते ताशी ४० च्या वेगात वाऱ्याचा फायदा मोठा मिळतो म्हणून, आणि त्यांना तो सराव रोजचा असतो. ताशी १८-२० ला तो फायदा थोडाच असतो, धोका मात्र पुरेपूर.

आता वेगाचं. ताशी ३० ला सायकल एका सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त जाते, ताशी २० ला साडेपाच. थकलेल्या माणसाला खड्डा दिसून बोटं ब्रेकवर जायला सहज एक सेकंद लागतो. त्यातून २० वरून ३० वर गेल्यावर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. मागच्या कॅरिअरवर पंधरा किलो असले की त्यात आणखी भर.

बंधन घालताना वेगाचा आकडा जाहीर करण्यापेक्षा माणसांची जागा ठरवा. पुढचा चालक, म्हणजे लीडर, एकच आणि त्याला कोणी ओलांडायचं नाही. सगळ्यात मागे स्वीप, त्याच्याकडे पंप, ट्यूब आणि प्रथमोपचाराची पिशवी. ज्यांचा वेग कमी आहे ते लीडरच्या लगेच मागे, दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर. त्यांना शेपटाला ठेवलंत तर पुढच्याने थोडा वेग घेतला की मागे पोहोचेपर्यंत त्याची धावाधाव होते आणि आधीच दमलेला माणूस दर वळणानंतर जोर लावत बसतो.

शेवटाच्या ६-७ किलोमीटर आधी एक ठिकाण नकाशावर आदल्या रात्रीच नक्की करा. मोठी मोकळी जागा, रस्त्याच्या कडेपासून आत. तिथे सगळे येईपर्यंत कोणी हलायचं नाही. पुढे शहरात शिरताना बाराचे चार-चारचे तीन गट करा, दोन गटांत दीडशे-दोनशे मीटर अंतर ठेवा, म्हणजे मोटारींना मध्ये शिरायला जागा मिळते आणि सिग्नलवर गट तुटत नाही. तुटलाच तर पुढच्यांनी सिग्नलपलीकडे सुरक्षित जागी थांबायचं. मागच्यांनी गट गाठण्यासाठी लाल दिवा तोडणं, हा शेवटच्या दिवशीचा सगळ्यात मूर्ख अपघात.

आणि मोबाइल. चालत्या सायकलवरून व्हिडिओ काढायचा मोह याच टप्प्यात होतो. ज्यांना शेवट टिपायचा आहे त्यांच्यापैकी एकाला अर्धा तास आधी पुढे पाठवा.

चेन मोजली तर पाऊण टक्का लांब झाली आहे. एक दिवसच राहिलाय. नवी चेन बरोबर आहे, बदलू का?

चेन दातांवरून घसरत नसेल तर बदलू नका. जुनी चेन आणि मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरींचा संच) एकमेकींबरोबर झिजलेल्या असतात. पाऊण टक्क्यापर्यंत गेलेल्या चेनखालची कॅसेट अनेकदा नवी चेन स्वीकारत नाही. जोर लावला की चेन दातावरून उडी मारते, आणि ते चढावर उभं राहून पेडल मारताना झालं तर गुडघा थेट हँडलवर. त्यापेक्षा जुन्या चेनला आदल्या रात्री फडक्याने पुसून तेल द्या, प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका. घरी गेल्यावर चेन आणि कॅसेट दोन्ही बदला.

चेन मोजायचं गेज नसेल त्यांच्यासाठी: पिनेच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करून चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. सुरुवातीची पिन शून्य धरायची. ३०६.३ झाले तर अर्धा टक्का, ३०७.१ म्हणजे पाऊण. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटवर अर्ध्या टक्क्याला चेन बदललेली बरी.

ब्रेकचं मात्र उलटं आहे, तिथे घरी जाईपर्यंत थांबायचं नाही. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर आदल्या संध्याकाळीच बदला. सकाळी निघताना बदललात तर नवे पॅड रुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. ताशी २०-२५ वरून जवळजवळ थांबेपर्यंत, पण चाक न अडकवता, पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबावा लागतो. त्याशिवाय ते नीट पकडत नाहीत. शेवटच्या दिवशी घाटाचा उतार असेल तर हे वाचून सोडून देऊ नका.

गिअरची तारही बघा. दर दिवशी अ‍ॅडजस्टर (तार ताणायची चाकी) थोडा थोडा फिरवूनही मागचा गिअर लागत नसेल, तर तार बहुधा लिव्हरच्या आत, टोकाजवळ, एकेक धागा करून तुटतेय. पूर्ण तुटली की डिरेलर (चेन एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग) सगळ्यात लहान दातेरीवर जाऊन बसतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर. अशा वेळी डिरेलरवरचा एच खुणेचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत घ्या. चेन एक-दोन दातेरी आत सरकते आणि पुढच्या गिअरांवर, ते दोन-तीन असतील तर, सपाट रस्त्याचा दिवस निघून जातो.

मागच्या चाकाचा एक आरा, गिअरच्या बाजूचा, तुटला. कॅसेट काढायचं हत्यार कोणाकडे नाही. ७० किलोमीटर राहिलेत. चालवता येईल का?

चाकाला ३२ किंवा ३६ आरे असतील तर येईल. २०-२४ आऱ्यांच्या चाकावर, सामानासकट, नको. उरलेल्या आऱ्यांवर ताण इतका वाढतो की दुसरा तुटायला फार वेळ लागत नाही.

तुटलेला आरा आधी शेजारच्या आऱ्याभोवती गुंडाळा किंवा टेपने घट्ट बांधा, मोकळा ठेवला तर तो डिरेलरमध्ये घुसेल. रिम आता डाव्या बाजूला ओढली गेली असेल, कारण उजवीकडून ओढणारा एक आरा कमी झाला. म्हणून तुटलेल्या आऱ्याच्या दोन्ही बाजूंचे, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) डाव्या कडेला जाणारे आरे ढिले करायचे. निपलचा (आऱ्याच्या रिमकडच्या टोकावरच्या नटाचा) पाना एका वेळी पाव वळसा, मग चाक फिरवून बघायचं, मग पुन्हा पाव. एकूण अर्धा ते एक वळसा पुरतो. दिशा चुकणं इथे सहज होतं: टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने निपल घट्ट होतं, पण आपण हबच्या बाजूने पाहत असतो तेव्हा ते उलटं दिसतं.

चाक एकदम सरळ होणार नाही. फ्रेमला घासत नाही एवढं बघा. रिम ब्रेक असेल तर मागच्या ब्रेकची क्विक रिलीज उघडी ठेवावी लागेल आणि भिस्त पुढच्या ब्रेकवर, हे गटात सगळ्यांना सांगा, म्हणजे तुमच्या पुढे कोणी अचानक थांबणार नाही. मागची पॅनिअर दोघा-तिघांत वाटून द्या. खड्डा आला की सीटवरून उठा. दर दहा किलोमीटरला शेजारचे आरे बोटांनी चिमटून बघा.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन दिवसांपासून बधिर आहेत. शेवटचा दिवस पूर्ण केला तर कायमचं नुकसान होईल का?

मनगटाच्या करंगळीच्या बाजूने जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जाते, म्हणून नेमकी हीच दोन बोटं बधिर होतात. नुसता बधिरपणा असेल तर तो दाब गेल्यावर बहुतेकांचा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत जातो. आधी ताकद तपासा. हाताची बोटं पसरता येतात का? अंगठा आणि तर्जनीत कागद धरून दुसऱ्याने ओढला तर पकड टिकते का? यात डावा हात उजव्यापेक्षा कमजोर वाटला तर गाडीत बसा आणि डॉक्टरांकडे जा. ब्रेक दाबण्याची ताकद कमी असलेल्या माणसाने गटात सायकल चालवू नये, हे दुसरं कारण.

ताकद ठीक असेल तर सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना बघा, तसं असेल तर सगळं वजन हातांवर सरकतं. सीट सपाट करा. हँडलवर टेपचा आणखी एक थर किंवा फोमचा तुकडा लावा आणि दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदला.

गुडघेदुखीची चार पत्रं आहेत, त्यांना एकत्र सांगतो. वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड वापरताय. मागे दुखत असेल तर सीट वर आहे. सीट बदलायचीच तर ३ ते ५ मिलिमीटर, त्याहून जास्त शेवटच्या दिवशी नाही. गिअर हलका ठेवून मिनिटाला ८० च्या आसपास पेडल फिरवा. वेदनाशामक गोळी घेऊन जोर लावणं टाळा, दुखणं थांबतं आणि झिजणं चालू राहतं.

शेवटच्या दिवशी खायला काही विशेष हवं का? आमच्यातले काही ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून न्याहारीच सोडतात.

विशेष काही नाही, नेहमीचंच हवं. निघाल्यावर अर्ध्या तासाने खायला सुरुवात करून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. पाणी तहान लागेल तसं, साधारण तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात मिठासह. न्याहारी सोडलेला माणूस पन्नासाव्या किलोमीटरला चिडचिड करू लागतो आणि सत्तराव्याला गप्प होतो. गप्प झालेल्यावर स्वीपने लक्ष ठेवावं.

परतीचा प्रवास विमानाने आहे. सायकल खोक्यात भरताना दर वेळी काहीतरी वाकतं किंवा हरवतं. क्रम सांगाल का?

वेळ खाणारी गोष्ट पेडल. आठवडाभर पाऊस-धूळ खाल्लेली पेडलं जाम होतात, आणि बारा जणांत १५ चा पाना एकच असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी, क्रँक (पेडलचा दांडा) हातात धरून, प्रत्येकाने दोन्ही पेडलं एकदा ढिली करून, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा घट्ट बसवावीत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्हींसाठी एकच लक्षात ठेवा: पाना वर उभा धरून त्याचं टोक सायकलच्या मागच्या बाजूला ढकललं की पेडल सुटतं. ६ किंवा ८ ची अ‍ॅलन की आतून लावली तरी दिशा हीच.

खोक्यापाशी आल्यावर आधी सायकल धुवून वाळवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत टायरला चिकटलेली माती तपासतात. मग सीटपोस्टला फ्रेमच्या कडेशी टेप गुंडाळून उंचीची खूण करा आणि तो काढा. पेडल काढा. मागचा डिरेलर ५ च्या अ‍ॅलन कीने सोडवून, कापडात गुंडाळून, चेनसह मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा. वाकतो तो बहुतेक वेळा डिरेलरचा हँगरच (तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), आणि तो वाकतो कारण डिरेलर बाहेर राहिलेला असतो. चाक काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चाक नसताना दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि पोहोचल्यावर चाक आत जात नाही. फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा अडसर ठेवा. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाचा आस), स्क्रू, पेडल एका पिशवीत आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्याच्या तळाला सुटी टाकलेली वस्तू हात घालायच्या भोकातून बाहेर पडते, हरवण्याचं कोडं बहुतेक हेच. हँडल काढताना पुढच्या झाकणाचे चार स्क्रूच सोडा, स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वरच्या टोपीला हात लावू नका, नाहीतर हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) पुन्हा बसवावा लागेल. परत लावताना ते चार स्क्रू तिरक्या क्रमाने, साधारण ५ न्यूटन-मीटर.

टायरची हवा पूर्ण काढायची गरज शास्त्राने नाही. प्रवासी विमानाचा सामानकक्षही दाबाखाली असतो, टायरवरचा जादा ताण जेमतेम ४ पीएसआय (पंपावरचं दाबाचं एकक) वाढतो. पण कंपनीचा नियम तसा असेल तर काउंटरवर भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ नका. २० पीएसआय ठेवली की रिम वाचते आणि बहुतेकांचं समाधान होतं. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची. कार्बन डायऑक्साइडच्या नळ्यांसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते, म्हणून त्या शेवटच्या पंक्चरला वापरून टाकलेल्या बऱ्या. इ-सायकलची १६० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात जातच नाही, तिची सोय वेगळी करा.

हिशेब कधी आणि कसा मिटवावा? शेवटी नेहमी कुरबुर होते.

आदल्या रात्री, जेवणानंतर, सगळे समोर असताना. शेवटच्या दिवशी पोहोचल्यावर माणसं पांगतात आणि मग महिनाभर निरोप चालतात.

कोणी कोणाला कशाचे द्यायचे हे एकेक न जुळवता प्रत्येकाने सामायिक खर्चासाठी एकूण किती दिले ते लिहा. समजा चौघांनी ९,०००, ५,०००, २,००० आणि शून्य दिले. बेरीज १६,०००, वाटा ४,०००. पहिल्याला ५,००० आणि दुसऱ्याला १,००० यायचे. तिसऱ्याने २,००० आणि चौथ्याने ४,००० द्यायचे. चौथा पहिल्याला ४,००० देतो, तिसरा पहिल्याला आणि दुसऱ्याला एकेक हजार. तीन व्यवहारांत संपलं. माणसं कितीही असोत, व्यवहार त्यांच्या संख्येपेक्षा एकने कमी पुरतात. स्वतःच्या सायकलचे सुटे भाग यात धरायचे नाहीत. मधूनच आलेल्या-गेलेल्यांचं मुक्काम आणि जेवण दिवसांवर, सपोर्ट गाडीचं भाडं मात्र सगळ्यांवर सारखं, हे निघण्यापूर्वीच बोललेलं असावं. शेवटच्या दिवसाचा अंदाजे खर्च वेगळा काढून एकाच्या हातात द्या.

सामान सपोर्ट गाडीत टाकून शेवटचा टप्पा हलक्या सायकलने करावा का?

तंबू, कपडे, स्वयंपाकाचं सामान खुशाल टाका. पंप, दोन ट्यूब, टायर काढायचे पट्टे, मल्टिटूल, पाणी आणि दिवे सायकलवरच. गाडी शेवटच्या ठिकाणी पुढे जाऊन थांबलेली असते आणि पंक्चर चाळीस किलोमीटर मागे झालेलं असतं. हलकी झालेली सायकल ब्रेकला आणि वळणाला वेगळी वागते, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून हाताला सवय करून घ्या. आणि पहाटेच्या दवात ओला गुंडाळलेला तंबू त्याच रात्री पसरून टाका. दोन दिवस पिशवीत राहिला तर बुरशीचा वास धरतो आणि तो धुऊनही सहसा जात नाही.